'कोमेडी', 'वायांग' आणि 'बिओस्कोप' : डच ईस्ट इंडीजमधील लोकनाट्य व आरंभीचा चित्रपट

क्वालालंपूरचा सामान्य माणूस आजही चित्रपट पाहावयास निघाला की 'तेंगोक वायांग' असे म्हणतो. शब्दशः अर्थ घ्यावयाचा तर 'वायांग पाहावयास जातो'. वायांग म्हणजे मूळ जावा बेटातील चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. चित्रपटगृहालाही तेथे 'पांगुंग वायांग', म्हणजे वायांगचा रंगमंच, हेच नाव आहे. समुद्र ओलांडून जाकार्ताला गेल्यास मात्र चित्रपटगृहाला 'बिओस्कोप' म्हणतात. हा शब्द डच भाषेतून आला. तेथे जत्रेतील फिरत्या घोड्यांच्या पाळण्यास 'कोमिडी पुतार' म्हणजे 'फिरती कोमेडी' असे नाव आहे. विनोदाशी ज्याचा काही संबंध नाही अशा पाळण्याला 'कोमेडी' का म्हणावे, असा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला सहज पडतो. त्याचे उत्तर शोधू लागले असता एका अशा रंगभूमीपर्यंत जाऊन पोहोचावे लागते, की जिला तिच्या स्वतःच्या देशातील इतिहासकारांनी दीर्घकाळ दारातच उभे ठेवले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ही रंगभूमी आणि तिच्यातून वर आलेला चित्रपट हा आहे. इंडोनेशियात १९५० पूर्वीच्या चित्रपटांना 'इंडोनेशियन' म्हणावे की नाही, हा वाद जुना आहे. मिस्बाख युसा बिरान यांच्यासारख्या थोर संशोधकाने १९५० पूर्वीच्या चित्रपटनिर्मितीचा सर्वांत तपशीलवार इतिहास लिहिला, आणि तरीही राष्ट्रीय जाणीव नसलेली ती निर्मिती राष्ट्रीय म्हणता येणार नाही असाच निर्णय दिला. सालिम साइद यांनीही चिनी व्यापाऱ्यांच्या हाती असलेली निर्मिती आणि जुन्या नाटक मंडळ्यांचे वळण यांत त्या चित्रपटाचा मूळ दोष पाहिला. ह्या निर्णयामागील कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु भाषेचा पुरावा विचारात घेतला तर तो निर्णय टिकत नाही, असे मला वाटते.

ह्या रंगभूमीचे एक मूळ आपल्या मुंबईत आहे. इ. स. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या सांगलीकर मंडळीने मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहात प्रयोग केले. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही उभी राहिली. पुढील दोन-तीन दशकांत पारशी मंडळ्या रंगविलेले पडदे, यांत्रिक चमत्कार, झगमगीत पोशाख आणि हिंदुस्थानी चालीची गाणी घेऊन ब्रह्मदेश, पेनांग, सिंगापूर असा प्रवास करू लागल्या. पेनांगच्या लोकांनी त्यांच्या खेळाला 'वायांग पारसी' असे नाव दिले. नवी वस्तू आली म्हणजे जुन्या शब्दाच्या पोटात तिला सामावून घ्यावयाचे, ही मलायु भाषेची रीत येथेच प्रथम दिसते. प्रेक्षकांना हिंदुस्थानी संवाद कितपत कळत असतील हा प्रश्न वेगळा. पडदे आणि गाणी कळण्यास भाषा लागत नाही.

इ. स. १८८५ च्या सुमारास पेनांगमध्ये मामाक पुशी या गृहस्थाने पारशी मंडळीच्या धर्तीवर, परंतु मलायु भाषेत बोलणारी मंडळी काढली. 'मामाक' हे तेथील भारतीय वंशाच्या मुसलमानांना लावण्यात येणारे संबोधन होय. तमिळ 'मामा'पासून ते आले असे मानतात, आणि मराठी वाचकाला त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ह्या नाट्यप्रकारास पुढे 'बांगसावान' हे नाव रूढ झाले. यातील 'बांगसा' म्हणजे संस्कृत 'वंश'; बांगसावान म्हणजे कुलीन. राजे, राजपुत्र, पऱ्या यांच्या कथा असलेल्या नाटकाला हे नाव शोभणारेच होते. नायिकेला 'स्री पांगुंग', रंगमंचाची श्री, म्हणत. नायकाला नुसते 'ओरांग मुडा', म्हणजे तरुण माणूस. प्रवेशांच्या मधल्या वेळात पडदा पाडून त्यापुढे गाणी, नाच व नकला होत. त्यांना इंग्रजीवरून 'एक्स्ट्रा टर्न' म्हणत आणि पुष्कळ प्रेक्षक त्यांच्यासाठीच येत.

जावा बेटात या प्रकाराने निराळे रूप घेतले. १८९१ मध्ये सुराबाया शहरात ओग्युस्त माहियू (१८६५-१९०३) या युरेशियन तरुणाने याप ग्वान थाय या चिनी व्यापाऱ्याच्या भांडवलावर 'कोमेडी स्तांबुल' ही मंडळी स्थापन केली. स्तांबुल म्हणजे इस्तंबूल. अलीबाबा, अल्लाउद्दीन इत्यादी अरबी सुरस कथा हे तिचे मुख्य भांडार. जोडीला युरोपातील परीकथा आणि ऑपेरांची कथानके. बहुसंख्य नटनटी युरेशियन, मालक चिनी, आदर्श पारशी व युरोपीय, कथा अरबी, वाद्ये पाश्चात्त्य, आणि प्रेक्षकांत डच कारकुनापासून जावानी हमालापर्यंत सर्व. मॅथ्यू आयझॅक कोहेन यांनी ह्या मंडळीचा इतिहास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हे मिश्रण किती सहज होते आणि वसाहतीच्या वंशभेदी समाजाला ते किती खुपत होते, या दोन्ही गोष्टी दिसतात.

ह्या सर्वांना जोडणारा धागा एकच होता, तो भाषेचा. माहियूने डच भाषा घेतली नाही व जावानीही घेतली नाही, मलायु घेतली. तीही राजदरबारची किंवा शाळेची नव्हे, तर बाजाराची. डच पंडित तिला 'नीच मलायु' म्हणत. तिच्यात 'माझे घर' यासाठी 'रुमाह साया' या शिष्ट रचनेऐवजी 'साया पुन्या रुमाह' अशी रचना येते; मी-तू यांसाठी हॉक्क्येन चिनी भाषेतील 'गुआ', 'लु' सर्रास चालतात; अनेकवचनासाठी 'दिया ओरांग', म्हणजे 'तो-माणूस', अशी जोडणी होते. व्याकरणकारांच्या दृष्टीने हा भ्रष्टाचार. परंतु माहियूच्या निवडीचे महत्त्व जावानी भाषा डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय ध्यानात येणार नाही. जावानीत बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे स्थान ठरल्याखेरीज वाक्यच उच्चारता येत नाही. कनिष्ठाशी बोलताना 'ङोको' आणि वरिष्ठाशी बोलताना 'क्रामा' अशा दोन पातळ्या तीत आहेत, आणि अगदी नित्याचे शब्दही त्यांप्रमाणे बदलतात. जावानी रंगभूमीवर सेवक व राजा हे बोलू लागले की समाजाची सारी उतरंड प्रेक्षकांपुढे उभी राहते. बाजारी मलायुत ही सोय नाही. किंवा असे म्हणा की ही अडचण नाही. बांगसावानच्या दरबारी प्रवेशांत राजाचे 'बेता' (मी), प्रजेचे 'पातिक' (मी, आपला दास) असे खास शब्द येत, हे खरे. परंतु ते चार शब्दांपुरतेच. सुराबायाच्या मांडवात मात्र अलीबाबा आणि त्याची दासी एकाच व्याकरणाने बोलत. दर रात्री हे ऐकणाऱ्या प्रेक्षकावर त्याचा काही परिणाम झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

स्तांबुल मंडळ्या आगगाडीने व आगबोटीने गावोगाव फिरल्या. माहियू १९०३ मध्ये वारला, परंतु 'स्तांबुल' हे सामान्यनाम होऊन राहिले. क्रोंचोंग संगीतातील एका प्रकारालाही तेच नाव मिळाले. 'कोमेडी' या डच शब्दाची व्याप्ती तर याहून वाढली. सर्कस ती 'कोमेडी कुडा', म्हणजे घोड्यांची कोमेडी. पैसे देऊन, मांडवात बसून पाहावयाची जी जी वस्तू, ती कोमेडी. चलच्चित्र आले तेव्हा त्याला 'कोमेडी बिओस्कोप' म्हटले गेले, यात नवल नाही. लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेला पाळणा हा त्या शब्दकुलातील आज उरलेला एक वंशज.

चलच्चित्रे बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, १८९६ मध्येच आली होती. टालबोट नावाच्या छायाचित्रकाराने तेथे प्रयोग केले. पुढे ५ डिसेंबर १९०० रोजी तानाह आबांग भागातील एका घरात एका डच कंपनीने नियमित खेळ सुरू केले. मलायु वृत्तपत्रातील जाहिरातीत त्यांना 'गांबार हिडुप', जिवंत चित्रे, असे म्हटले होते. पहिल्या वर्गाचे तिकीट दोन गिल्डर, शेवटच्याचे अर्धा. हे दर सामान्य माणसास परवडणारे नव्हते. ते लवकरच उतरवावे लागले. सर्वांत स्वस्त वर्गास 'क्लास कांबिंग', म्हणजे शेळ्यांचा वर्ग, असे नाव पडले.

चित्रपटगृहांच्या बैठकीची एक पद्धत येथे सांगितली पाहिजे. कित्येक ठिकाणी पडदा मांडवाच्या मध्यावर असे. युरोपीय व इतर वरच्या वर्गाचे प्रेक्षक एका बाजूस, आणि स्वस्त तिकिटाचे देशी प्रेक्षक पडद्याच्या मागे. मागच्यांना चित्र उलटे दिसे, अक्षरे आरशातल्यासारखी. वसाहतीतील वर्णभेदाचे इतके उघड चित्र दुसरे क्वचितच सापडेल. तथापि ह्या व्यवस्थेला आणखी एक बाजू आहे. वायांगच्या छायाखेळातही पडद्याला दोन बाजू असतात. एकीकडून छाया दिसतात, दुसरीकडून बाहुल्या व त्या नाचविणारा 'डालांग'. पडद्याच्या कोणत्या बाजूस बसावे यात जावानी प्रेक्षकाला अपरिचित असे काही नव्हते. मलायातील लोक मूकपटाला 'वायांग गेलाप', अंधारातील वायांग, म्हणत. याने अन्याय कमी झाला असे नव्हे. पण नव्या यंत्राला लोकांनी कोणत्या सवयीने आपलेसे केले, ते यावरून कळते.

सुमारे पंचवीस वर्षे परदेशी चित्रपटच दाखविले जात होते. देशी कथापट प्रथम १९२६ मध्ये निघाला. हेवेलडोर्प व क्रूगर्स या दोघांनी बांडुंग येथे 'लुतुंग कासारुंग' ही सुंडानी लोककथा चित्रित केली. बांडुंगचे रीजेंट विरानाताकुसुमा यांनी साहाय्य केले, त्यांची मुलेही त्यात कामास होती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तो बांडुंगात लागला व एका आठवड्यात उतरला. कथा थोर, आश्रय थोर, हेतूही स्तुत्य. पण नाटकाच्या मांडवातील प्रेक्षकाला ओळखीचे असे त्यात काही नसावे. याउलट १९२९ मध्ये 'तान्स फिल्म' या चिनी मालकीच्या कंपनीने 'न्याइ दासिमा' काढला तेव्हा तिने नेमके मांडवातलेच कथानक उचलले. इंग्रज माणसाजवळ राहणारी देशी स्त्री दासिमा, तिला फूस लावणारा सामिउन आणि तिचा खून, अशी ही कथा जी. फ्रान्सिस याने १८९६ मध्ये बाजारी मलायुत छापली होती आणि स्तांबुल मंडळ्यांनी ती घरोघरी पोहोचविली होती. मूळ कथेत देशी मुसलमान पात्रे काळ्या रंगात रंगविली आहेत, हा दोष मोठा आहे. १९६० च्या दशकात एस. एम. आर्दान यांनी ती दासिमाच्या बाजूने पुन्हा सांगितली. तथापि चित्रपटाला मोठे यश आले ते प्रेक्षक तिला आधीच ओळखत होते म्हणून, हे उघड आहे.

याच वेळी रंगभूमीही स्वस्थ बसली नव्हती. २१ जून १९२६ रोजी रशियन वंशाच्या विली क्लिमानोफ ऊर्फ पियेद्रो याने 'दार्दानेला' ही मंडळी काढली. त्याच्या आधीच्या वर्षी मिस रिबुत या नटीची 'ओरिओन' मंडळी निघाली होती. नटींच्या नावामागील हे 'मिस' हा त्या काळच्या जाहिरातीचा ठसाच होय. दार्दानेलाने पऱ्या व राजपुत्र मागे टाकले आणि प्रथम हॉलिवुडच्या चित्रपटांची कथानके रंगमंचावर आणली. तिचा नट तान चेंग बोक याला 'जावाचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत. रंगभूमी चित्रपटाला जन्म देते असे आपण म्हणतो, पण येथे पडद्यावरचा तलवारबहाद्दर उतरून मांडवात आला होता. पुढे पत्रकार आंजार आस्मारा १९३० मध्ये दार्दानेलात आले आणि समकालीन समाजावरील नाटके लिहू लागले. एक्स्ट्रा टर्न कमी झाले, संवाद लिहून पाठ केले जाऊ लागले. १९२८ च्या ऑक्टोबरात बटाव्हियाच्या युवक परिषदेने मलायुला 'बहासा इंडोनेशिया' म्हणून एका राष्ट्राची भाषा ठरविले, त्या सुमारास ही मंडळी गावोगाव तीच भाषा बोलत फिरत होती. परिषदेतील तरुण बहुतेक डच शाळांत शिकलेले होते आणि राष्ट्रभाषेत भाषण करताना त्यांपैकी कित्येकांना अडखळल्यासारखे होई. दार्दानेलाच्या नटांना तशी अडचण नव्हती.

१९३१ पासून देशी बोलपट निघू लागले. थे तेंग चुन याचा 'बुंगा रोस दारी चिकेंबांग' हा त्यांतील अगदी आरंभीचा. तो क्वे तेक होय यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. ध्वनीचे तंत्र कच्चे होते. कोणत्या वळणाने जावे हे नक्की झाले ते आणखी सहा वर्षांनी, आणि तेही एकाच माणसाच्या अपयशातून व यशातून. अल्बर्ट बालिंक या डच पत्रकाराने मानुस फ्रांकेन या नामांकित माहितीपटकाराच्या साहाय्याने १९३६ मध्ये 'पारे' ('भात') हा चित्रपट काढला. कोळ्याचा मुलगा आणि शेतकऱ्याची मुलगी यांच्या प्रेमाची ही कथा निसर्गदृश्यांनी व रूढींच्या अभ्यासपूर्ण चित्रणाने नटविलेली होती. तिच्यावर ७५,००० गिल्डर खर्च झाले. युरोपीयांनी स्तुती केली, देशी प्रेक्षकाने पाठ फिरविली, निर्माते बुडाले. पुढच्याच वर्षी त्याच बालिंकने 'तेरांग बुलान' ('चांदणे') काढला. ह्या वेळी संहिता सएरुन या देशी पत्रकाराने लिहिली, आणि नायिका म्हणून रुकिया (१९१७-१९४५) ही गायिका घेतली. रुकियाचे आईबाप दोघेही नाटक मंडळीतले. ती मांडवातच वाढलेली. कथानक हॉलिवुडच्या धर्तीवरचे, दक्षिण समुद्रातील बेटावरचे, अगदी सामान्य. पण क्रोंचोंगची गाणी होती, मांडवातली भाषा होती आणि मांडवातली गायिका होती. चित्रपट इंडीजमध्येच नव्हे तर सिंगापूर व मलायातही तुफान चालला. 'पारे'मध्ये देशी माणूस पाहावयाचा विषय होता. 'तेरांग बुलान'मध्ये तो प्रेक्षक होता.

'तेरांग बुलान' याच नावाच्या गीताची चाल बांगसावान व क्रोंचोंगच्या गायकांत पूर्वीपासून फिरत होती. पेराक संस्थानाच्या राजगीताची चालही तीच. १९५७ मध्ये स्वतंत्र मलायाने तिलाच राष्ट्रगीताचा मान दिला. चित्रपटाची प्रत मात्र आज उपलब्ध नाही.

समुद्राच्या पलीकडची हकीकतही याहून निराळी नाही. सिंगापुरात १९३४ मध्ये लागलेला पहिला मलायु बोलपट 'लैला मजनून'. दिग्दर्शक बी. एस. राजहंस हा भारतीय, नटनटी बांगसावानच्या, आणि कथा पारशी रंगभूमीची नेहमीची. दुसऱ्या महायुद्धानंतरही तेथील चित्रनिर्मितीसंस्थांनी भारतातून दिग्दर्शक बोलाविण्याची प्रथा चालू ठेवली. १९५६ चा 'हांग तुआह' फणी मजुमदार यांनी दिग्दर्शित केला.

'तेरांग बुलान'नंतर जावात चित्रनिर्मितीला भरती आली. नाटक मंडळ्यांतील माणसे एकामागून एक चित्रपटात आली; आंजार आस्मारा यांनी १९४० मध्ये 'कार्तिना' दिग्दर्शित केला. १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले आणि निर्मिती बहुतेक बंद पडली. तेव्हा हीच माणसे पुन्हा मांडवात गेली. ह्या काळात डच शब्दांवर बंदी आल्यामुळे 'तोनिल' (नाटक) हा शब्द जाऊन 'सांडिवारा' आला. मांकुनेगारा सातवे यांनी तो घडविला असे मानतात: 'सांडि' म्हणजे गूढ (संस्कृत 'संधि'), 'वाराह' म्हणजे शिकवण. शब्द शुद्ध झाला, नट तेच राहिले.

आता मूळ वादाकडे वळू. इंडोनेशियात ३० मार्च हा राष्ट्रीय चित्रपट दिन मानला जातो. १९५० मध्ये त्या दिवशी उस्मार इस्माइल यांनी 'दाराह दान दोआ' या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू केले. १९६२ मध्ये चित्रपट व्यवसायाने ती तारीख निश्चित केली आणि १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेने ती अधिकृत झाली. राष्ट्राने स्वतःचा आरंभ स्वतः निवडावा, याला कोणाची हरकत असणार? हरकत आहे ती त्यातून निघणाऱ्या अनुमानाला. आरंभ १९५० चा मानला की चिनी भांडवल, युरेशियन नट, पारशी पडदे आणि बाजारी मलायु हे सारे परके व धंदेवाईक ठरते. राष्ट्रभाषेचा इतिहास लिहिणारेही अशाच रीतीने तिचे मूळ रियाउच्या दरबारी मलायुत, फान ओफेयसेन यांच्या १९०१ च्या लेखनपद्धतीत आणि १९१७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी 'बालाय पुस्ताका' प्रकाशनसंस्थेच्या शिष्ट भाषेत शोधतात. परंतु वर्णमाला न शिकलेल्या लाखो जावानी, सुंडानी व मदुरी लोकांना बालाय पुस्ताकाची पुस्तके कोठून वाचता येणार? त्यांच्या कानावर मलायु पडली ती बाजारात, छावणीत आणि मांडवात. यांपैकी बाजारात ती व्यवहारापुरती होती, छावणीत हुकुमापुरती. प्रेम, सूड, थट्टा आणि शोक यांसाठी ती वापरता येते हे त्यांना दाखविले कोमेडीने, आणि पुढे बोलपटाने.

उस्मार इस्माइल स्वतः रंगभूमीवरूनच आले होते. 'दाराह दान दोआ'पूर्वी, १९४९ मध्ये, त्यांनी डच कंपनीसाठी दोन चित्रपट केले होते, पण त्यांना ते आपले मानीत नसत. त्यांतील एक स्वतःच्याच १९४३ च्या नाटकावर आधारलेला होता. त्याचे नाव 'चित्रा'. इंडोनेशियाच्या चित्रपट महोत्सवात आज जो सर्वोच्च चषक देतात, त्यालाही 'चित्रा' हेच नाव आहे.